भेटायला येऊ नका

आमच्या वस्तीवर माणूस आजारी पडला की त्याला भेटायला जावं लागतं. जावंसं वाटतं म्हणून नव्हे, जावंच लागतं. राहात्यापासून आत, पेरूच्या बागांमध्ये आमची सगळी भावकी विखरून राहते. कुणाच्या ऑपरेशनला कोण आलं आणि कोण फिरकलं नाही, याचा हिशोब लग्नाच्या मांडवात बरोबर बाहेर निघतो. "आमची म्हातारी पडली हुती तवा तुमी कुटं हुता?" असं म्हणून भरल्या पंगतीतून उठून गेलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. भेटायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही. बिस्किटाचा पुडा नाहीतर केळी आणतो, आजाऱ्याच्या अंथरुणावरच टेकतो, त्याच्या तोंडावरून हात फिरवतो, आणि याच आजारानं आपल्या ओळखीतलं कोण कोण गेलं ते सांगून मगच उठतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्न झालं होतं, ते फार टिकलं नाही, तेव्हापासून माहेरीच असते. घरात आई, धाकटा भाऊ, भावजय आणि मी. तोंडानं मी फटकळ आहे, हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. वस्तीवरची पोरं मला टरकून असतात आणि त्यांचे आईबापही थोडे असतात, कारण त्यातल्या बऱ्याच जणांना पाढे मीच शिकवलेत. भावाला मुलगी झाली तेव्हा आमची चुलती मला म्हणाली होती, "आता हिच्यावर तरी डाफरू नगंस, मास्तरनी." ही चुलती बांधापलीकडच्या घरात राहते. काका गेले, मुलं पुण्याला, मग आमचंच घर तिचं. पोर पहिल्या दिवसापासून तिच्या पायांवर न्हायली. तेल लावताना ती पोरीशी अखंड बोलायची, आणि पोर आईच्या आधी तिला ओळखून हसायला लागली होती.

पोर दोन वर्षांची होत आली तेव्हा तिचं पोट मोठं दिसायला लागलं. हातपाय काड्या आणि पोट तेवढं पुढं. मधूनच ताप यायचा, रंग उतरला होता, आणि पायांवर बारीक लाल ठिपके उठायचे. वस्तीवरच्या प्रत्येकानं ते पोट दाबून पाहिलं. पाणथरी, म्हणजे डाव्या बरगडीखालची प्लीहा, वाढलीय हे सगळ्यांना कळत होतं. ती का वाढलीय हे कुणालाच कळत नव्हतं. चुलती म्हणाली, श्रीरामपूरच्या बाजूला एक माणूस पोटाला डाग देतो, तीन डागांत पाणथरी उतरते. मी म्हणाले, "डाग दिलास तर तुला पोलिसात देईन." ती म्हणाली, "दे. पन पोरीला कुटंतरी ने."

नेत होतोच. राहात्याच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग लोहाचं. कोपरगावला टायफॉइड सांगितला, पुढच्या वेळी डेंग्यू. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, निदान आता तरी देत नाही. तापाची शंभर पोरं रोज समोर येतात, त्यातल्या एकीला असलं काही असेल असं कुणाच्या मनात येणार? तेव्हा मात्र मी प्रत्येक दवाखान्यातून भांडून बाहेर पडत होते. भाऊ मोटरसायकल चालू करून थांबायचा आणि म्हणायचा, "आक्का, बस आता. तुझ्या वरडन्यानं ताप उतरायचा न्हाई."

शेवटी नगरला रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरांनी अहवाल हातात घेतला, पोट हळूच दाबलं आणि काही न सांगता पुण्याचा पत्ता दिला. मी नेहमीच्या सवयीनं विचारलं, काय आहे ते स्पष्ट सांगा. ते म्हणाले, "मॅडम, उद्याच निघा." माझ्याशी इतक्या अदबीनं कुणी बोललं की मला भीतीच वाटते.

पुण्याला पोरीच्या कमरेच्या हाडात सुई घालून मगज काढला. ती ओरडत होती आणि आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो. मग आणखी तपासण्या, मग थांबणं. डॉक्टरीण वयानं माझ्यापेक्षा लहान होती. तिनं आम्हाला बसवलं आणि सांगितलं की हा रक्ताचा कॅन्सर आहे, पण मुलांमध्ये नेहमी दिसतो तो नव्हे. नेहमीचा असता तर औषधांनी बरा होण्याची मोठी आशा असती. हा अगदी लहान मुलांना होतो आणि फार क्वचित होतो. औषधांनी तो थोडा दबतो, जात नाही. जायचा असेल तर हाडांतला मगजच बदलावा लागतो, आणि बदलूनही तो परत येऊ शकतो. तिनं त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, मोठं लांबलचक, आणि मग चार अक्षरांत म्हणून दाखवलं: जेएमएमएल. भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. घरात इंग्रजी मला येतं ना.

"कशामुळे झाला?" मी विचारलं.

"कशामुळेही नाही."

"आम्ही बागेला फवारणी करतो. त्याचं काही?"

"नाही."

"बोअरचं पाणी?"

"ताई, कुणाचीच चूक नाही यात. पेशी तयार होताना एक बिघाड झाला."

भाऊ आणि भावजय तेवढ्यानं रडले. दोघांच्याही मनावर काहीतरी होतं, ते उतरलं असावं. मला उलट झालं. मला भांडायला कुणीतरी हवं होतं. फवारणी असती तर मी फवारणीशी भांडले असते, पाणी असतं तर पंचायतीत जाऊन बसले असते. कुणाचीच चूक नाही म्हटल्यावर मी त्या खुर्चीत नुसती बसून राहिले.

मगज बापाचा घ्यायचा ठरला. सख्खं भावंड नव्हतं, बाहेर कुणी जुळलं नाही, बाप निम्मा जुळत होता आणि निम्म्यावरही आता करतात म्हणाले. आधी जोराची औषधं देऊन पोरीचा स्वतःचा मगज पुरता मारून टाकला. केस गेले, तोंडात फोड आले, पाणीसुद्धा गिळवेना. मग एके सकाळी बापाच्या पेशी एका पिशवीतून तिच्या नळीत सोडल्या. इतकी वाट पाहिलेली गोष्ट, आणि ती साध्या सलाईनसारखी थेंब थेंब गेली. आत फक्त भावजय. मी काचेबाहेर उभी राहून हातवारे करायचे आणि पोर माझ्याकडे पाठ करून झोपायची. मी शाळेत चाळीस पोरांना एका नजरेनं गप्प करते. त्या काचेपुढे माझा काही उपयोग नव्हता.

पण पेशी रुजल्या. डॉक्टरीण स्वतः हसत बाहेर आली. काही महिने आम्ही दवाखान्याजवळच खोली घेऊन राहिलो, आणि मग तिनं घरी न्यायला परवानगी दिली. त्या वेळी तिनं जे सांगितलं ते मी शब्दन् शब्द ऐकलं, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला करण्यासारखं काही मिळत होतं. पोरीच्या अंगात प्रतिकारशक्ती जवळजवळ नाही. साधी सर्दी तिला घेऊन जाऊ शकते. गर्दी नको, गोठा नको, माती नको, बाहेरचं खाणं नको. अंगारा नको, फुलं नकोत. आणि पाहुणे अजिबात नकोत.

"हे जमेल का गावाकडे?" तिनं विचारलं.

"जमवते," मी म्हणाले.

घराला लोखंडी फाटक आहे. त्याला मी कुलूप लावलं, आतल्या बाजूला साबण आणि पाण्याची बादली ठेवली, आणि शाळेतला जुना फळा आणून बाहेर टांगला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: भेटायला येऊ नका.

त्या फळ्यानं जे झालं ते आमच्या भावकीत वाटणीच्या वेळीही झालं नव्हतं. पोर मरता मरता वाचून आलीय आणि तिला भेटायचं नाही? लोक केळी घेऊन आले आणि फाटकाबाहेर उभे राहिले. मी आतून सांगायचे, ते बाहेरून ऐकायचे, आणि ऐकून झाल्यावर म्हणायचे, "बरं, नुस्तं लांबून बघतो, उघड." कुणी म्हणालं, आमी काय महारोगी हाय का. कुणी आईला निरोप धाडला की लेकीनं घराचा तुरुंग केलाय. आई दोन्हीकडून रडायची. तिचं म्हणणं, मानसं तोडून कसं जगायचं, उद्या गरज पडली तर? मी म्हणायचे, आज गरज आहे आणि ती त्यांनी न येण्याची आहे. भावानं गोठा चुलतीच्या रानात हलवला आणि अंगणातली तुळससुद्धा उचलून बाहेर नेली.

चुलती रोज यायची. फाटकाच्या गजांना धरून उभी राहायची आणि पोरीला हाका मारायची. पोर ओसरीवरून हात हलवायची, मग रडायची, तिच्याकडे जायचं म्हणून. एकदा मी शाळेतून आले आणि बघते तर कुलूप काढलेलं, आईनंच काढलेलं, आणि चुलती ओसरीवर पोरीला मांडीवर घ्यायला वाकलेली. तिला चार दिवस खोकला होता. मी तिचा दंड धरून तिला ओढत फाटकाबाहेर काढलं. सत्तरीची बाई, माझ्या हातानं तिची बांगडी फुटली. सगळी वस्ती बघत होती.

"मी न्हाऊ घातलंय तिला," ती म्हणाली. "माज्या हातात काय ईख हाय का?"

"आहे," मी म्हणाले. "सगळ्यांच्याच आहे."

त्यानंतर ती आली नाही. तिची वाटीभर काकवी नाही, हाक नाही. पोर काही दिवस फाटकाकडे बोट दाखवून विचारत होती, मग विसरली. निदान विचारायची थांबली. आणि लोक मला रस्त्यात ओलांडून जाताना बोलेनासे झाले. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल, पण अभिमानही वाटत होता. पुण्याला तपासणीला गेलो की डॉक्टरीण विचारायची, ताप? नाही. सर्दी? नाही. ती भावाला म्हणायची, "तुमच्या ताईंना आमच्याकडे नोकरीला पाठवा." मी ते वाक्य महिनाभर पुरवून पुरवून खायचे.

केस आले, आधी मऊ आणि मग कुरळे. पोर चौथ्या वर्षात गेली. ओसरीवर बसून माझी नक्कल करायची, हातात पट्टी घेऊन फाटकाकडे बघत ओरडायची, "कोण आहे? हात धुतले का?" आम्ही हसून लोटपोट व्हायचो.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी मी तिला फ्रॉक घालत होते. मागची बटणं लागेनात. आई म्हणाली, "अंग धरलंय आता पोरीनं. दृष्ट काढते." भावजय खूश झाली. मी बटणं सोडली, तिला जवळ घेतलं आणि डाव्या बरगडीखाली हात घातला. मला कळलं. दुसरा फ्रॉक आणला, सैलसा, तो घातला आणि शाळेत गेले. त्या दिवशी मी वर्गात कुणावर ओरडले नाही. पोरं चुळबुळायला लागली.

पुण्याला तपासण्या झाल्या. बापाच्या पेशी मागे हटत होत्या आणि जुना रोग पुन्हा वर येत होता. मी डॉक्टरणीला विचारलं, कुणाकडून आलं? कोण आत आलं होतं? आईनं परत कुलूप काढलं होतं का? ती म्हणाली, "ताई, हे बाहेरून येत नाही. हे तिच्या आतच होतं." मी वर्षाच्या वर फाटक धरून बसले होते आणि ते आत, पोरीच्या हाडात बसलेलं होतं. माझा इतका संताप झाला की मला समोरचं दिसेना, आणि तो काढायला समोर एक थकलेली, भली बाई सोडून कुणी नव्हतं.

पुन्हा मगज बदलता येईल का, भावानं विचारलं. तिनं आधी फुप्फुसांचं सांगितलं, मग यकृताचं. पहिल्या वेळच्या औषधांनी दोन्ही दुबळी झाली होती. एक वेगळं औषध काही आठवडे देऊन पाहिलं. पोट उतरलं नाही. मग एका दुपारी तिनं आम्हाला पुन्हा तसंच समोर बसवलं. "तिला घरी न्या," ती म्हणाली. "दुखू नये म्हणून औषध देते, ते कसं द्यायचं ते शिकवते. तिला जे खावंसं वाटेल ते द्या. मातीत खेळू द्या. तिला ज्यांना भेटायचंय त्यांना भेटू द्या."

मी विचारलं, "हात धुऊन ना?"

"धुतले तर चांगलंच," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघून नव्हे.

आईला काही सांगायचं नाही असं भावानं गाडीतच ठरवलं. तिचं हृदय नाजूक आहे, जेव्हा कळायचं तेव्हा कळेल. घरी आल्यावर त्यानं फाटकाचं कुलूप काढलं आणि लांब उसात फेकून दिलं. फळा काढायचं माझ्या अंगावर आलं. तो उतरवून भिंतीला टेकवत होते, तर रस्त्यानं जाणारी एक बाई थांबली. दीड वर्ष माझ्याशी न बोललेली.

"उघडलं व्हय गं फाटक?"

"उघडलं."

"मंजी बरी झाली पोर!" तिनं तिथूनच आकाशाकडे हात जोडले, आणि मी तोंड उघडायच्या आत ती वळून पळाली, सगळ्यांना सांगायला.

कुणालाही तसंच वाटलं असतं. मी दीड वर्ष तेच तर सांगत होते, पोर बरी झाली की फाटक उघडेन. संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती लोटली. कुणी पेढे आणले, कुणी गूळ. भावजयीची ओटी भरायला खण-नारळ घेऊन बायका आल्या. ती पदरात नारळ घेत होती आणि चेहरा कसाबसा सांभाळत होती. आणि एकही माणूस सरळ आत आला नाही. सगळे फाटकात बादलीपाशी रांगेनं थांबले, बाह्या वर करून कोपरापर्यंत साबण लावायला लागले. "बघ मास्तरनी, नखं बी कापल्यात," कुणी म्हणालं. "आज तरी पास कर." सगळे हसत होते. मी तांब्यानं एकेकाच्या हातावर पाणी घालत राहिले. याची आता गरज नाही, हे सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

चुलती सगळ्यांच्या मागून आली. हात पुढे केले, मी पाणी घातलं, तिनं ते पदराला न पुसता तसेच वर धरले, मी मागे कधीतरी ओरडून सांगितलं होतं तसे. मग ती हळू आवाजात म्हणाली, "लई शिव्या दिल्या तुला मी. पन तूच राखलीस पोर. दुसरं कुनी आसतं तर घालवून बसलं आसतं."

मला तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसं वाटत होतं. माझ्यामागे ओसरीवर आई बसलेली होती, पेढे वाटत, दीड वर्षात पहिल्यांदा इतकी आनंदात.

"आता न्हाई ना न्यावं लागायचं पुन्याला?" चुलतीनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आता नाही न्यायचं."

निदान खोटं तरी बोलावं लागलं नाही.

ती आत गेली. पोर पाय पसरून चटईवर बसली होती, पेढा हातात, थकलेली पण डोळे लकाकत होते. तिनं चुलतीकडे टक लावून पाहिलं. विसरली नव्हती ती. माझ्याच सुरात, माझ्याचसारखं बोट नाचवत तिनं विचारलं, "तू का येत नव्हतीस गं?"

ओसरीवरची माणसं वळली. काहींनी माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या धरून उभी होते आणि आता ती काय सांगेल ते ऐकायला तयार होते, कारण जे सांगेल ते खरंच असणार होतं.

"रानात लई काम हुतं बाय," चुलती म्हणाली. "तुजी गाय सांबाळत हुते ना मी."

"आता उद्या येशील?"

"उद्या, परवा, रोज येईन की. आता कोन आडवतंय?" तिनं पोरीला उचलून मांडीवर घेतलं, दोन्ही हात तिच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली.

ती रोज आली. महिनाभरानं पोर गेली ती तिच्याच मांडीवर, आणि पोरीचं पोट वाढताना रोज बघूनही चुलतीनं तोवर मला एकदाही काही विचारलं नाही.